टीव्हीवरचे वन्यजीव निवेदक आणि त्यांच्या ‘खऱ्या’ प्राणीभेटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक जण मगरीच्या पाठीवर झेप घेतो, दुसरा झुडपाआड बसून कुजबुजत बोलतो, तिसरा नदीतून राक्षसी मासा ओढून काढतो. यांतलं खरं काय, हा प्रश्न असे कार्यक्रम आवडीने बघणाऱ्या प्रत्येकाला पडतो. मी ते लहानपणापासून बघत आलो आहे. हळूहळू माझ्यापुरतं एकच माप ठरलं: त्या क्षणी प्राण्याला निघून जायला वाट मोकळी होती का? पुढची उत्तरं याच मापाने दिली आहेत.

‘खरी भेट’ कशाला म्हणायचं?

आपण बहुतेक वेळा निवेदकाच्या जिवाला धोका होता की नाही, एवढंच बघतो. धोका दिसला की भेट खरी, नाही तर खोटी. पण पिशवीतून आणून गवतात सोडलेला नागही चावू शकतो आणि त्याचं विषही खरंच असतं. म्हणून धोका हा पुरावा नव्हे. प्राणी मोकळा होता का, तो आपण होऊन तिथे आला होता का, आणि त्याला नको असतं तर तो जाऊ शकला असता का, हे बघावं लागतं. शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर नीट बघितलं तर पडद्यावरच मिळतं.

स्टीव्ह अर्विन खरा होता की ते सगळं नाटक होतं?

स्टीव्ह खरा होता. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याची ‘क्रोकोडाइल हंटर’ ही टीव्ही मालिका १९९६ साली सुरू झाली, पण तिच्या कितीतरी आधीपासून तो मगरी पकडत होता. त्याचे वडील बॉब अर्विन यांनी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांचं उद्यान काढलं होतं. पुढे त्याचंच ‘ऑस्ट्रेलिया झू’ झालं. माणसांच्या वस्तीजवळ आलेल्या मगरी गोळ्या घालून मारल्या जाऊ नयेत म्हणून त्या पकडून दुसरीकडे हलवायच्या, हे काम तो कॅमेरा नसतानाही करायचा. मालिकेचा पहिला भाग तर त्याच्या मधुचंद्राच्या वेळी केलेल्या चित्रीकरणातून तयार झाला. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर मगरींना उपग्रहाशी जोडलेले ट्रान्समीटर बसवण्याच्या कामातही तो होता. त्याचा उत्साह कॅमेऱ्यापुरता नव्हता.

पण माणूस खरा असला म्हणजे भेटही खरी, असं होत नाही. शेपटीने उचललेला साप, पाठीवर बसून दाबून धरलेली मगर, यांत प्राण्याच्या बाजूने ती भेट नसून झटापट असते. मगर हलवायची असेल तेव्हा ती झटापट अटळ आहे, हे मान्य. रस्त्यात दिसलेला साप केवळ दाखवण्यासाठी उचलला, तेव्हा ती अटळ नव्हती. स्टीव्हवर माझं प्रेम आहे, तरीही त्याच्या भागांतली ही दृश्यं मला आता पूर्वीसारखी निवांत बघवत नाहीत. जानेवारी २००४ मध्ये एका हातात महिन्याभराचा मुलगा आणि दुसऱ्या हाताने मगरीला खाणं, असा प्रकार त्याने केला तेव्हा जगभर टीका झाली. ती रास्त होती.

त्याचा मृत्यू अशाच धाडसामुळे झाला ना?

नाही, आणि हा गैरसमज दूर व्हायला हवा. ४ सप्टेंबर २००६ रोजी क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ बॅट रीफ इथे उथळ पाण्यात चित्रीकरण चालू असताना स्टिंग रे, म्हणजे पाकट, याचा काटा त्याच्या छातीत घुसला. त्याने त्या माशाला पकडलं नव्हतं. खालच्या पाकटाला वरून पोहत येणारा माणूस शिकाऱ्यासारखा वाटला असावा आणि त्याने बचावासाठी शेपटी चालवली. त्यानंतरच्या दिवसांत क्वीन्सलँडच्या किनाऱ्यांवर शेपट्या छाटलेली काही मेलेली पाकटं सापडली. आयुष्यभर ‘घाबरलेल्या प्राण्याचा राग धरू नका’ हेच सांगणाऱ्या माणसाच्या नावाने कुणी हे केलं असेल, तर याहून वाईट काही नाही.

मगरीचं तोंड साध्या चिकटपट्टीने बंद राहतं. मग त्यात धोका कसला?

खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या चाव्याचा जोर सुमारे १६,००० न्यूटनपर्यंत मोजला गेला आहे. पण हा जोर जबडा मिटणाऱ्या स्नायूंचा. उघडणारे स्नायू दुबळे असतात, म्हणून मिटलेलं तोंड पट्टीने बांधता येतं. ते मिटेपर्यंतचा धोका पूर्ण खरा असतो.

मात्र मगरीला स्वतःला असलेला धोका पडद्यावर दिसत नाही. जोराची झटापट करताना तिचे स्नायू प्राणवायूशिवाय काम करतात आणि रक्तात लॅक्टिक ॲसिड साठत जातं. मोठ्या मगरीला त्यातून सावरायला तासन् तास लागतात, आणि फार वेळ झुंजवलेली मोठी मगर दगावूही शकते. म्हणून जाणती माणसं हे काम झटपट उरकतात, डोळ्यांवर फडकं टाकतात आणि गलका करत नाहीत. एखादा निवेदक मगरीवर बसून पाच मिनिटं कॅमेऱ्याशी बोलत असेल, तर ती पाच मिनिटं कोणाच्या खात्यातून जात आहेत ते ओळखा.

डेव्हिड ॲटनबरो प्राण्यांना हात लावत नाहीत. म्हणजे त्यांचे कार्यक्रम जास्त खरे?

प्राण्याशी वागणूक जास्त सभ्य, हे नक्की. चित्रण जास्त खरं, असं मात्र सरसकट म्हणता येणार नाही.

आधी हे लक्षात घ्या की ॲटनबरोही दूर बसण्यापासून सुरू झाले नाहीत. १९५४ साली बीबीसीवर आलेल्या ‘झू क्वेस्ट’चा उद्देशच लंडनच्या प्राणीसंग्रहालयासाठी प्राणी पकडून आणणं हा होता. निवेदन करणारे त्या संग्रहालयाचे जॅक लेस्टर आजारी पडले, म्हणून तरुण ॲटनबरो पडद्यासमोर आले. तेव्हा कोणाला त्यात गैर वाटत नव्हतं. १९७९ च्या ‘लाइफ ऑन अर्थ’पर्यंत काळ बदलला होता आणि तेही बदलले होते. निवेदकांची तुलना करताना कोण कुठून कुठे आला हेही मोजावं, असं मला वाटतं.

आता चित्रणाचं. २०११ च्या ‘फ्रोझन प्लॅनेट’मध्ये ध्रुवीय अस्वलाची नवजात पिल्लं बर्फातल्या गुहेत दिसली. ती गुहा नेदरलँड्समधल्या एका प्राणीसंग्रहालयात तयार केलेली होती. कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर तसं सांगितलेलं होतं, निवेदनात मात्र स्पष्ट नव्हतं, आणि मोठा गदारोळ झाला. कॅमेऱ्याच्या शटरचा आणि करवतीचा आवाज काढणारा लायरबर्ड हा पक्षी ॲटनबरोंच्या १९९८ च्या मालिकेतून जगभर गाजला. त्या दृश्यातले काही पक्षी संग्रहालयात वाढलेले होते. जंगलतोडीचा आवाज रानातल्या पक्ष्याने उचलला, असं आपण समजत राहिलो. आणि ‘प्लॅनेट अर्थ २’ मधला सापांच्या तावडीतून निसटणारा इग्वाना, म्हणजे मोठ्या सरड्यासारखा प्राणी, आठवतो? तो पाठलाग एकाहून जास्त इग्वानांच्या दृश्यांतून जोडलेला होता, हे नंतर निर्मात्यांनीच सांगितलं.

माझं मत असं: इग्वानाची जोडणी मला चालते, कारण गालापागोसमधल्या फर्नांडिना बेटावर ते साप आणि ती पिल्लं खरंच असंच जगतात आणि मरतात. लायरबर्डचं मला खटकतं, कारण तिथे निष्कर्षच बदलतो.

म्हणजे प्राणीसंग्रहालयात केलेलं चित्रीकरण ही फसवणूकच?

नेहमी नाही. गाभण अस्वलाच्या खऱ्या गुहेत कॅमेरा घुसवला तर ती पिल्लं सोडून जाऊ शकते. बिळातले उंदीर, मुंग्यांचं वारूळ, अळीचा कोश अशी कितीतरी सूक्ष्म दृश्यं बांधलेल्या सेटवर घ्यावी लागतात, आणि त्यात प्राण्याचं भलंच असतं. प्रेक्षकाला सांगितलं की प्रश्न मिटतो.

खरा काळा धंदा दुसरीकडे आहे: चित्रीकरणासाठी भाड्याने मिळणारे लांडगे, कोल्हे, अस्वलं. अमेरिकेत त्यासाठी खास फार्म आहेत. तिथले प्राणी ‘रानटी’ म्हणून कॅमेऱ्यासमोर सोडले जातात आणि काम झालं की पुन्हा पिंजऱ्यात. ख्रिस पामर या अमेरिकी निर्मात्याने २०१० साली आपल्याच लांडग्यांवरच्या चित्रपटात भाड्याचे लांडगे वापरल्याची उघड कबुली दिली. या व्यवसायात असं स्वतःहून बोलणारी माणसं थोडी आहेत, म्हणून त्यांचं मोल मोठं.

लेमिंग नावाचे उंदीर सामूहिक आत्महत्या करतात, हे तर चित्रीत झालेलं आहे!

चित्रीत झालं आहे, घडलेलं नाही. १९५८ च्या डिस्नेच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ या चित्रपटात लेमिंग कड्यावरून ‘समुद्रात’ उड्या घेतात. चित्रीकरण कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात झालं, आणि अल्बर्टाला समुद्रच नाही. तो नदीचा काठ होता. लेमिंग विकत आणलेले होते. थोडेसेच प्राणी फिरत्या तबकडीवर पळवून मोठा कळप भासवला गेला आणि शेवटी त्यांना कड्यावरून लोटण्यात आलं. या चित्रपटाला माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. सत्य बाहेर आलं १९८२ साली, कॅनडाच्या सीबीसी वाहिनीच्या शोधकार्यक्रमातून.

लेमिंगची संख्या काही वर्षांनी भरमसाट वाढते, ते स्थलांतर करतात आणि पाणी ओलांडताना काही बुडतात, एवढंच खरं. पण एका बनावट दृश्यामुळे ‘लेमिंगसारखं वागणं’ हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी पक्का बसला आणि अजून उठलेला नाही.

आवाज तरी खरे असतात का?

बरेचसे नसतात. अर्धा किलोमीटरवरून टेलिफोटो लेन्सने टिपलेल्या बिबट्याच्या पावलांचा आवाज माइकपर्यंत पोचतच नाही. तो स्टुडिओत तयार करतात. बर्फावरच्या पावलांसाठी कॉर्नफ्लोअरची पुरचुंडी दाबायची पद्धत जुनी आहे. पक्ष्यांची साद बहुधा खरी, पण वेगळ्या वेळी ध्वनिमुद्रित केलेली. याचा मला राग येत नाही. फक्त कोळ्याच्या चालण्याचा ‘खडखडाट’ ऐकू आला की तो आवाज कोळ्याचा नाही, एवढं मुलांना सांगा.

बेअर ग्रिल्स?

ते प्राण्यांचे निवेदक नाहीतच. कार्यक्रम तगून राहण्याच्या कौशल्याचा आहे, प्राणी त्यात अडथळा किंवा जेवण म्हणून येतात. ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’च्या चित्रीकरणादरम्यान काही रात्री त्यांनी लॉजमध्ये काढल्याचं २००७ साली बाहेर आलं आणि त्यानंतर काही प्रसंग आधी जुळवलेले असतात अशी सूचना कार्यक्रमासोबत येऊ लागली.

‘रिव्हर मॉन्स्टर्स’चे जेरेमी वेड कितपत विश्वासार्ह?

माणूस म्हणून बराच. प्राणिशास्त्र शिकलेला, अनेक वर्षं स्वतःच्या हिमतीवर दूरच्या नद्यांवर गळ टाकत फिरलेला. गळ रिकामा आला तर तसं दाखवतो, ही त्याची सर्वांत चांगली गोष्ट. हल्ल्यांची जी थरारक दृश्यं दिसतात ती नट घेऊन केलेली असतात, आणि ते ओळखू येतं. २००९ ते २०१७ या काळात त्याने ज्या नद्यांतले मासे दाखवले, त्या बघून मला पहिल्यांदा गोड्या पाण्यातल्या जीवांविषयी कुतूहल वाटलं. तरीही माझ्या मापाने गळाला लागलेल्या माशाला वाट नसते. तो सोडला जातो, हे बरं. सोडण्याआधी तो किती वेळ पाण्याबाहेर धरला जातो, ते बघत जा.

शार्क आणि ॲनाकोंडाच्या खास कार्यक्रमांचं काय?

इथे सर्वाधिक सावध राहा. २०१२ साली ॲनिमल प्लॅनेटने जलपऱ्यांवर माहितीपटाच्या थाटात एक कथा दाखवली. अमेरिकेच्या सागर आणि वातावरण विभागाला, म्हणजे ‘नोआ’ला, जलपऱ्यांचा कोणताही पुरावा नाही असं जाहीर करावं लागलं. ऑगस्ट २०१३ मध्ये डिस्कव्हरीने लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला मेगॅलोडॉन शार्क अजून जिवंत असल्याचा कार्यक्रम दाखवला. त्यातले ‘शास्त्रज्ञ’ नट होते. डिसेंबर २०१४ मध्ये ॲनाकोंडा माणसाला गिळणार अशी जाहिरात झाली, प्रत्यक्षात सापाने विळखा घातल्यावर प्रयोग थांबवला गेला. २०१७ साली जलतरणपटू मायकेल फेल्प्स पांढऱ्या शार्कशी शर्यत लावणार होता, आणि समोर आला तो संगणकावर केलेला शार्क.

याहून गंभीर आरोप ॲनिमल प्लॅनेटच्या ‘कॉल ऑफ द वाइल्डमॅन’ या प्राणीसुटकेच्या मालिकेवर झाले. २०१४ च्या एका शोधवृत्तानुसार ‘सुटका’ दाखवण्यासाठी प्राणी आधी पकडून त्या जागी ठेवले जात होते. मालिका त्याच वर्षी बंद झाली. जलपरी खोटी निघाली तर कुणाला इजा होत नाही. खोटी सुटका मात्र जिवंत प्राण्याच्या अंगावरून जाते.

घडवून आणलेला प्रसंग ओळखायचा कसा?

सवयीने ओळखता येतो. मला उपयोगी पडलेल्या खुणा सांगतो.

कॅमेरा कुठे होता, हा पहिला प्रश्न. निवेदक ‘अचानक’ वळतो आणि त्याला साप दिसतो, पण सापाच्या बाजूने निवेदकाचा चेहराही टिपलेला आहे. म्हणजे निवेदकाच्या आधी कॅमेरामन तिथे पोचला होता! एकाच झेपेचे तीन कोन दिसत असतील तर एक तर तीन कॅमेरे आधीपासून लावलेले होते, किंवा झेप तीनदा घेतली गेली.

मग प्राण्याची वेळ बघा. निशाचर प्राणी भर उन्हात उघड्यावर सापडला, तर तो आजारी असेल किंवा आणलेला असेल. सापाची चाल बघा. साप थंड रक्ताचा, त्याला गारठवलं की तो सुस्त होतो, आणि ही युक्ती जुनी आहे. उन्हाळ्याच्या दुपारी आळसावून पडलेला नाग मला संशयास्पद वाटतो.

लेन्सचीही गंमत असते. लांबच्या लेन्सने मागचं-पुढचं अंतर दबतं, त्यामुळे निवेदकाच्या खांद्याशी दिसणारा सिंह प्रत्यक्षात कितीतरी मागे असतो. उलट रुंद कोनाच्या लेन्सजवळ धरलेला कोळी हाताएवढा दिसतो.

आणि शेवटची नामावली वाचा. तिथे एखाद्या प्राणीसंग्रहालयाचे किंवा प्राणी पुरवणाऱ्या फार्मचे आभार असतात, तेही बारीक अक्षरांत. मी हल्ली आधी नामावली बघतो आणि मग कार्यक्रम.

निवेदकाजवळचा प्राणी खूश दिसतो. तेही खोटं असू शकतं?

हो, आणि हेच सर्वांत जास्त फसवतं. दात दाखवून ‘हसणारा’ चिंपांझी बहुतेक वेळा घाबरलेला असतो. गुदगुल्या केल्यावर हात वर करणारा स्लो लोरिस हा माकडांच्या जातकुळीतला छोटा प्राणी इंटरनेटवर कोट्यवधी लोकांनी कौतुकाने बघितला. हात वर करणं ही त्याची बचावाची मुद्रा आहे. त्याच्या कोपराच्या आतल्या ग्रंथीतून विषारी स्राव येतो आणि हात वर करून तो त्यापर्यंत तोंड नेतो. फणा काढलेला नागही तसाच: आक्रमक नव्हे, घाबरलेला.

याचे परिणाम पडद्याबाहेर होतात. २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या पाहणीत लोकांना चिंपांझी हा गोरिला किंवा ओरांगउटानइतका धोक्यात असलेला प्राणी वाटत नव्हता, आणि त्याचं एक कारण तो टीव्हीवर, जाहिरातींत सारखा दिसतो हे होतं.

जंगली प्राण्याशी मैत्री होऊ शकते का?

सवय होऊ शकते. सवयीला मैत्री समजण्याची चूक टिमथी ट्रेडवेलने केली. अलास्कातल्या कॅटमाई उद्यानात तो तेरा उन्हाळे ग्रिझली अस्वलांमध्ये राहिला, त्यांना नावं दिली, स्वतःच चित्रीकरण केलं. ऑक्टोबर २००३ मध्ये तो आणि त्याची मैत्रीण अस्वलाच्या हल्ल्यात मेले. त्यानंतर दोन अस्वलंही मारली गेली. त्याच्या प्रेमावर मला शंका नाही, आणि अस्वलांना वाटही मोकळी होती. पण माणसाची भीती गेलेलं अस्वल पुढच्या माणसाच्या बंदुकीसमोर निर्धास्त उभं राहतं. माझं माप इथे अपुरं पडतं, हे मला मान्य केलं पाहिजे.

संकटातल्या प्राण्याला चित्रीकरणाच्या चमूने मदत करावी का?

सर्वसाधारण संकेत ‘हस्तक्षेप नको’ असा आहे. २०१८ च्या ‘डायनॅस्टीज’मध्ये घळीत अडकलेल्या एम्परर पेंग्विनांसाठी चमूने बर्फात उतार खणून दिला. पेंग्विनांनी तो वापरायचा की नाही, ते त्यांच्यावर सोडलं. मीही खणला असता.

यूट्यूबवरचे नवे निवेदक?

कोयोटी पीटरसन स्वतःला बुलेट मुंगीचा डंख करवून घेतो. वेदना शंभर टक्के खरी. मुंगी मात्र चिमट्यात धरून हातावर टेकवलेली.

तुमच्या मते सर्वांत प्रामाणिक कोण?

दोन कार्यक्रमांची नावं घेईन. बीबीसीचं ‘स्प्रिंगवॉच’ २००५ पासून घरट्यांजवळ लपवलेल्या कॅमेऱ्यांतून थेट प्रक्षेपण करत आलं आहे. पिल्लू मेलं तर मेलेलं दिसतं, काही घडलं नाही तर निवेदक तसं सांगतात.

दुसरं, १९९६ साली सुरू झालेली ‘बिग कॅट डायरी’. केनियातल्या मसाई माराच्या जंगलात जोनाथन स्कॉट आणि सायमन किंग यांनी आठवडेच्या आठवडे त्याच सिंहांचा, त्याच चित्त्यांचा माग ठेवला. किके नावाची एक चित्तीण जोनाथन यांच्या गाडीच्या टपावर चढून बसायची, कारण सपाट माळावर उंच जागा दुसरी नव्हती. एकदा तिने टपाच्या उघड्या झरोक्यातून थेट त्यांच्या अंगावर विष्ठा केली. तिला गाडीतल्या माणसात काडीचा रस नव्हता. ती शिकार शोधत होती.

एकच प्राणीभेट बघायची तर कोणती?

‘लाइफ ऑन अर्थ’मधली रवांडाच्या डोंगरातली गोरिलांची. हा कळप माणसांना सरावला होता तो गोरिलांच्या अभ्यासक डायन फॉसी यांनी १९६७ पासून केलेल्या कामामुळे. आजूबाजूला जंगल मोकळं होतं. ॲटनबरो तिथे अंगठ्याविषयी बोलणार होते: बोटांसमोर आणता येणारा अंगठा, पकड, उत्क्रांतीतलं त्याचं महत्त्व. ते रांगत जवळ गेले, एका मादीशी नजरानजर झाली आणि अंगठ्याचा विषय बाजूला राहिला. ते हळू आवाजात काही वेगळंच बोलले. नंतर लहान गोरिला त्यांच्या अंगावर चढले, एकाने बूट ओढला, आणि खेळून झाल्यावर ते झाडीत निघून गेले.